भरून काढलेल्या कमानी

आदिनाथ मगदूमला जाऊन चार वर्षं झाली होती, आणि आता सगळ्या मिरजेने त्याला खुनी ठरवलं होतं.

तंतुवाद्य भवनाचं छत भर दुपारी, सतारीचा सराव चालू असताना खाली आलं. एक तबलजी आणि सभागृह झाडणारी एक बाई जागच्या जागी गेली. ते छत आदिनाथने बेतलं होतं. सांगलीत 'शिरगुप्पे-मगदूम' ही पाटी लागली तेव्हापासूनची वाटणी ठरलेली होती. खोल्या कुठे, खिडक्या कुठे, उजेड कुठून यायचा, हे वैजयंती शिरगुप्पे ठरवायची. आणि ते सगळं उभं कशाच्या जोरावर राहणार, हे आदिनाथ. एकाने दुसऱ्याच्या कागदात ढवळाढवळ करायची नाही. भांडणं भरपूर व्हायची, पण ती चहाच्या कपावरून.

२०३९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्यांच्या कार्यालयात छतापर्यंत चढलं. आदिनाथ आपली गणितं आणि नकाशे दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर ठेवायचा नाही. त्याची एक ड्राइव्ह होती, ती चिखलात गेली. त्या धक्क्याने म्हणा किंवा वयाने म्हणा, त्याच पावसाळ्यानंतर तो गेला. आता छत पडल्यावर कंत्राटदार रणधीर सावर्डेकरने हात वर केले. "आमच्याकडच्या प्रतीही त्याच पुरात गेल्या. नकाशात जे होतं तेच आम्ही बांधलं."

मग चौकशी समितीने चिखलातून काढलेली ती ड्राइव्ह पुण्याला, खराब ड्राइव्ह वाचून देणाऱ्या 'पुनर्लेख' कंपनीकडे पाठवली. आणि 'पुनर्लेख'ने नकाशा परत आणला.

समितीच्या सभागृहात तो पडद्यावर उमटला तेव्हा वैजयंती दुसऱ्या रांगेत बसली होती. कोपऱ्यात आदिनाथचं नाव, त्याची डावीकडे कललेली सही. मधोमध छताचा आडवा छेद. छत पेलणाऱ्या काँक्रीटच्या कमानी मोजून नऊ. एवढ्या लांबीच्या सभागृहाला नऊ कमानी म्हणजे मरणाला आवतण, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं.

"हे आदिनाथचं काम नाही," वैजयंती उभी राहून म्हणाली.

समितीच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश हुद्देदारबाई, चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शिरगुप्पेबाई, सही त्यांची आहे ना?"

"सही त्याची आहे. कमानी त्याच्या नाहीत. तेरा होत्या. मला लख्ख आठवतंय."

सावर्डेकरचा वकील हसला. "मॅडम, बाईंच्या आठवणीवर चालायचं की पुराव्यावर? परत आणलेली फाइल मूळ फाइलइतकीच ग्राह्य, असा आता कायदा आहे."

तो कायदा खरंच झाला होता. आणि 'पुनर्लेख'चं ते यंत्र ज्या डोक्यांतून निघालं होतं त्यातलं एक डोकं वैजयंतीच्या पोटच्या मुलीचं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुण्यात बाणेरला लेकीच्या, चारुताच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकली. चारुताने तिला काचेपलीकडचं यंत्र दाखवलं, कॉफी मागवली. वैजयंतीने कपाला हात लावला नाही.

"आदिकाकांची ड्राइव्ह आली तेव्हा मी स्वतःहून बाजूला झाले होते," चारुता म्हणाली. "दुसऱ्या गटाने केलं ते काम. मी फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही."

"यंत्र तुझंच ना?"

"यंत्र माझं."

"मग मला समजावून सांग. तुझ्या यंत्राने आदिनाथच्या तोंडात हे शब्द कसे घातले?"

चारुताने सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं नाही, पण सोपं करून. अशा ड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नसते. अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात थोडे इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. किती कोंडलेत, त्यावरून तिथे काय लिहिलंय ते ठरतं. वर्षं जातात, ऊन लागतं, पाणी शिरतं, तसे ते इलेक्ट्रॉन गळत जातात. नेहमीचा संगणक अशा चिपपुढे हात टेकतो. 'पुनर्लेख'चं यंत्र ती चिप भयंकर थंड करतं, म्हणजे उरलेले इलेक्ट्रॉन जागचे हलत नाहीत, आणि मग एक अतिसूक्ष्म सुई कप्प्याकप्प्यावरून फिरवून कुठे किती उरलेत ते मोजतं. शंभर होते तिथे तीस उरले असले तरी मूळ काय होतं ते ओळखता येतं.

"आणि जिथे काहीच उरलेलं नाही? चिपच गंजलीय तिथे?"

"तिथे यंत्राचा दुसरा भाग काम करतो. त्याने लाखो नकाशे बघितलेत. आजूबाजूला काय आहे ते बघून तो मधलं भरून काढतो. समज, पुसट झालेल्या पाटीवर 'तिळगूळ घ्या, गोड गोड' एवढंच राहिलंय. पुढे 'बोला' आहे हे तू डोळे मिटून सांगशील ना?"

"सांगेन. आणि पाटीवर 'मगदूम, घर क्रमांक' एवढंच राहिलं असेल तर? आकडा कुठून आणशील, चारू?"

चारुताने स्वतःचा कप बाजूला सरकवला.

"सांग ना. आकडा कुठून आणशील?"

"प्रत्येक फाइलबरोबर एक थर असतो," चारुता म्हणाली. "खात्रीचा थर म्हणतो आम्ही. खरोखर वाचलेली रेघ काळी दिसते, भरून काढलेली राखाडी."

"समितीपुढे सगळ्या रेघा काळ्या होत्या."

"ग्राहकाला देताना तो थर काढून टाकतात. लोक गोंधळतात त्याने. त्यांना स्वच्छ नकाशा हवा असतो."

"दाखव तो थर."

"आई, मी त्या कामातून बाजूला..."

"दोन माणसं मेलीत. तिसऱ्याला मेल्यावर फासावर चढवताहेत. तू त्याच्या मांडीवर बसून पट्टी धरायला शिकलीस. दाखव."

चारुताने फाइल उघडली आणि थर चढवला. कोपऱ्यातलं नाव काळंभोर होतं. सही काळी, तारीख काळी. बाहेरच्या भिंती, दारं, पायऱ्या काळ्या. छताचा सगळा छेद, या टोकापासून त्या टोकापर्यंत, राखेसारखा राखाडी होता. तिथली एकही रेघ आदिनाथच्या ड्राइव्हमधून आलेली नव्हती.

चारुता खुर्चीत मागे सरली. तिचा चेहरा उतरला.

"यंत्राने जास्त करून छोटी सभागृहं बघितली असणार," ती हळू आवाजात म्हणाली. "छोट्या सभागृहांना कमी कमानी पुरतात."

"म्हणजे नाव त्याचं, सही त्याची आणि पाप तुमचं," वैजयंती म्हणाली. "मूळ कागद नाही, एवढं तोंडाने म्हणायला काय जात होतं तुमचं? कोरी जागा कोरी का ठेवता येत नाही तुम्हाला?"

कंपनीचा प्रमुख कौस्तुभ रेगे तोपर्यंत आत आला होता. माणूस गोड बोलणारा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एक तोड काढली. "बाई, आपण पुन्हा चालवू या. यावेळी यंत्राला सरसकट नकाशे नाही दाखवायचे. फक्त मगदूमसाहेबांचे. तुमच्याकडे त्यांची जुनी कामं असतील ना?"

होती. पुण्यातल्या आणि कोल्हापुरातल्या जुन्या घरमालकांकडे आदिनाथच्या नकाशांच्या प्रती होत्या. वैजयंतीने त्या फिरून गोळा केल्या, रेगेने यंत्राला खाऊ घातल्या, आणि आठवड्याभरात नवा छेद पडद्यावर आला.

वैजयंती पडद्याजवळ सरकली. बाणांची टोकं आदिनाथ काढायचा तशी आखूड. मापं लिहिताना सातच्या मधून मारलेली ती आडवी रेघ. कमानीच्या पायाशी जाड होत गेलेलं काँक्रीट, जे तो 'पोटरी' म्हणायचा आणि जे आणखी कुणी काढत नसे. कमानी तेरा. जणू काही तो शेजारच्या टेबलावर बसून आत्ता पेन्सिल ठेवून उठला होता.

"बघा," रेगे म्हणाला. "तुमची आठवण बरोबर होती. मी समितीला सुधारित फाइल पाठवतो. आमचं नाव राहील, साहेबांचंही राहील."

"आई," चारुता म्हणाली. तिने थर चढवला. सगळ्या तेरा कमानी राखाडी.

"तेरा हा आकडा आला कुठून?" चारुताने रेगेला विचारलं.

"बाईंचं समितीपुढचं निवेदनही आत घातलं होतं. संदर्भ म्हणून."

वैजयंतीला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. यंत्राने तिचेच शब्द तिच्या मित्राच्या अक्षरात तिला परत दिले होते, आणि ती त्यावर भाळली होती. ती रागाने खुर्चीतून उठली. त्या रागातला निम्मा स्वतःवरचा होता.

"हे खरं म्हणून समितीकडे जाणार नाही," ती म्हणाली.

"पण बाई, हे तुमच्या बाजूचं आहे!"

"म्हणूनच."

पुण्याहून परतताना ती आधी मिरजेला आदिनाथच्या घरी गेली. फाटकावर कुणीतरी डांबराने 'खुनी' लिहिलं होतं. आदिनाथची बायको पद्मल ते रॉकेलने घासत होती. अक्षरं पसरून आणखी मोठी झाली होती. जिनमंदिरात तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. दुधाचा रतीबसुद्धा बंद झाला होता.

वैजयंतीने तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, दोघी मिळून चिडतील. पद्मल ऐकत राहिली आणि मग एकच म्हणाली, "म्हणजे तेरा कमानींचा कागद हाय तुझ्याकडं."

"वहिनी, तो आदिनाथचा नाही. यंत्राने रचलेला आहे."

"त्यांचा नऊचा कुणी रचला? देवानं?"

"तोही यंत्रानेच. म्हणून तर..."

"म्हणून तर दाखव की!" पद्मलने हातातला बोळा फाटकावर आपटला. "त्यांचं खोटं चालतंय, आपलं का चालत नाही? घरातनं बाहेर पडायची सोय राहिली नाही मला. माझा नातू शाळेत जात नाही. ह्यांनी आयुष्यभर एका खिळ्याची लबाडी केली नाही, वैजू. आणि तू मला खरं-खोटं शिकवतीस?"

"उद्या त्यांनी विचारलं की ही रेघ कुठून आली, तर काय सांगू? आदिनाथच्या नावावर एक खोटा कागद आधीच आहे. दुसरा मी कसा लावू?"

"जा तू," पद्मल म्हणाली. "जा. आणि परत येऊ नको."

पुढच्या सुनावणीला वैजयंतीने दोन्ही छेद शेजारी शेजारी पडद्यावर लावले. डावीकडे नऊ, उजवीकडे तेरा. सभागृहात कुजबुज उठली. सावर्डेकर खुर्चीत ताठ झाला.

"मॅडम," वैजयंती हुद्देदारबाईंना म्हणाली, "हे दोन्ही नकाशे एकाच ड्राइव्हमधून, एकाच यंत्राने काढलेत. दोन्हींवर आदिनाथची खरी सही आहे. यातला खरा कुठला?"

"उजवीकडचा तुमच्या पक्षाचा दिसतोय," वकील म्हणाला.

"उजवीकडचाही खोटा आहे. मीच सांगते."

हुद्देदारबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्ही तुमच्याच बाजूचा पुरावा नाकारताय?"

"मी पुरावाच नाही असं म्हणतेय. ज्या जागी काही उरलं नाही, तिथे काही उरलं नाही म्हणा. आणखी सांगते. या नकाशाने तुमचं केवढं नुकसान केलंय ते बघा. छत पडल्याला इतके महिने झाले. पडलेलं काँक्रीट आहे कुठे? कुणी मोजलं? कुणी तपासलं? स्वच्छ नकाशा हातात आला आणि सगळे घरी गेले! खरं छत कुठेतरी ढिगाऱ्यात पडलंय आणि आपण इथे बसून यंत्राची चित्रं बघतोय."

चारुता साक्षीला उभी राहिली तेव्हा रेगे दाराशी उभा होता. समन्स नव्हतं, ती स्वतःहून आली होती. तिने दोन्ही नकाशांवर खात्रीचा थर चढवला. दोन्ही छतं राखाडी होऊन विझल्यासारखी झाली. नाव तेवढं काळं राहिलं.

"हा थर समितीला का दिला नाही?" हुद्देदारबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता वेगळा लागला होता.

"कारण मी त्याची सक्ती केली नाही," चारुता म्हणाली. "करायला हवी होती. मला वाटलं, मागणाऱ्याला देऊ. कुणी मागितलाच नाही."

रेगे तिथून निघून गेला. चारुताचं कंपनीचं ओळखपत्र संध्याकाळपर्यंत बंद झालं होतं.

ढिगारा शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सावर्डेकरच्याच गाड्यांनी तो शहराबाहेरच्या एका जुन्या दगडखाणीत नेऊन ओतला होता. समितीने अभियांत्रिकी महाविद्यालयाचे तज्ज्ञ बोलावले, क्रेन आणली. वैजयंती रोज सकाळी डोक्यावर ओढणी घेऊन खाणीच्या काठावर उभी राहायची. चारुता तिच्याबरोबर असायची. दोघी फारसं बोलत नसत. एकदा चारुता म्हणाली, "तू माझ्यावर अजून चिडलीयेस."

"हो."

"किती दिवस?"

"ठाऊक नाही. डबा खा."

कमानींचे तुकडे मोजून उपयोग नव्हता, त्यांचा चुरा झाला होता. पण त्या ज्यावर टेकलेल्या होत्या ती लांब तुळई मोठमोठ्या तुकड्यांत सापडली. तुकडे टोकाला टोक लावून खाणीच्या तळाशी मांडले, आणि तुळईवर प्रत्येक कमानीचं तुटलेला बुंधा स्पष्ट दिसू लागला. तज्ज्ञाने एका टोकापासून चालत जाऊन प्रत्येक बुंध्यावर खडूने आकडा घातला.

शेवटचा आकडा अकरा होता.

"पुन्हा मोजा," वैजयंती म्हणाली.

त्यांनी पुन्हा मोजलं. अकरा. यंत्राच्या नऊ नाहीत आणि तिच्या तेराही नाहीत. बुंधे जाडजूड होते, पोटरीसारखे, तिच्या कल्पनेपेक्षाही जाड. तिच्या आठवणीपेक्षा दोन कमानी कमी ठेवून आदिनाथने बाकीच्यांना बळ दिलं होतं. तज्ज्ञाने तिथेच गणित मांडलं. चांगलं काँक्रीट असतं तर या अकरा कमानींनी असली दोन छतं पेलली असती.

काँक्रीट चांगलं नव्हतं. चारुताने एका बुंध्याला बोट लावलं तर कडेचा पोपडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघून हातात आला. आत नदीची न धुतलेली, मातकट वाळू होती. सळया बोटाएवढ्या हव्या तिथे करंगळीएवढ्या. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा कळलं, सावर्डेकरने बांधकामाच्या वेळी स्वतः दाखल केलेल्या चाचण्यांत जी ताकद लिहिली होती, तिच्या निम्मीही काँक्रीटमध्ये नव्हती. पोलिसांनी त्याला घरातून उचललं.

पण अहवालाला अजून अवकाश होता. त्या सकाळी वैजयंती खाणीच्या काठावर दगडावर बसून राहिली. सगळ्यांना वाटलं ती सुटकेने रडतेय. ती संतापाने लाल झाली होती.

"मी शपथेवर तेरा म्हणाले होते, चारू. लख्ख आठवतंय म्हणाले. मला तेरा कमानी डोळ्यांपुढे दिसत होत्या गं! त्या आल्या कुठून?"

चारुता तिच्या शेजारी बसली. उत्तर तिच्याकडे होतं आणि आईकडेही होतं. वैजयंतीने चिडून एक खडा उचलला आणि खाणीत भिरकावला. मग लेकीच्या खांद्यावर हात टाकला, तोही रागानेच टाकल्यासारखा.

अंतिम निकाल लागला त्या दिवशी ती मिरजेला गेली. फाटक आता नव्या रंगाने रंगवलेलं होतं. चारुता गाडीतच थांबली. पद्मलने दार उघडलं. तिला सगळं कळलेलं होतं. बैठकीच्या खोलीत पेढ्यांचे तीन-चार खोके पडले होते, शेजाऱ्यांनी आणून दिलेले, न उघडलेले.

"बस," पद्मल म्हणाली. तिने तांब्या-भांडं आणून ठेवलं आणि स्वतः उभीच राहिली.

"आदिनाथ सुटला, वहिनी."

"ते सुटलेलेच होते. मी अडकले होते." पद्मलचा आवाज चढला नव्हता. "सबंध उन्हाळा मी ह्या घरात कोंडून घेतलं, वैजू. त्या दिवशी तू कागद दाखवला असतास तर एका दिवसात सुटले असते मी."

"आणि पुढे खाणीत अकरा निघाल्या असत्या. मग तो कागद खोटा ठरला असता, आणि आदिनाथही."

"ठाऊक हाय मला. तू बरोबर होतीस. सगळं गाव सांगतंय मला तू बरोबर होतीस म्हणून." पद्मलने पदर खोचला. "पण तुला तेव्हा अकरा कुठं ठाऊक होत्या? तू मला तसंच सोडून गेलीस, काय निघणार ते ठाऊक नसताना."

वैजयंतीने भांड्यातलं पाणी पिऊन संपवलं.

"पाणी दिलंय," पद्मल म्हणाली. "आज एवढंच जमतंय मला. तू ये परत. मी कदाचित बोलणार नाही, पण तू ये."

वैजयंती पायऱ्या उतरून गाडीत येऊन बसली. चारुताने गाडी चालू केली नाही.

"काय म्हणाल्या?"

"चिडल्यात."

"आता कशाला? सगळं तर झालं ना मनासारखं?"

"काही मनासारखं झालेलं नाही," वैजयंती म्हणाली. "चिडू दे त्यांना. पुढच्या रविवारी परत येऊ. तूही आत ये तेव्हा, तुलाही चार शब्द ऐकून घ्यायचेत."